वडोदऱ्याचं घर, गावची आई आणि सात सह्या : मालक वारल्यावर घर विकताना-घेताना



गेल्या हंगामात आपल्या ऑफिसात एक प्रकरण आलं. विचारायला आलेले दोघंही आपलेच सभासद, एक विकणाऱ्याच्या बाजूचा आणि एक घेणाऱ्याच्या. दोघांचं म्हणणं एकच होतं : "कागद सगळे तयार आहेत, फक्त एकदा बघून घ्या." कागद बघितले आणि लक्षात आलं की तयार काहीच नाही. नावं सांगत नाही, पण प्रकरण सविस्तर लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावरची बरीच घरं अशीच आहेत : एक भाऊ बोटीवर आणि एक भाऊ गुजरातला नोकरीला.

आपल्या एका सभासदाचा धाकटा भाऊ चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी वडोदऱ्याला गेला. तिथंच लग्न, तिथंच मुलं. पगारातून पैसे साठवून मांजलपूरला छोटं घर घेतलं, स्वतःच्या एकट्याच्या नावावर. दोन वर्षांपूर्वी तो आजारानं गेला. मागं बायको, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी. मुलांनी ठरवलं की घर विकायचं. आपल्याच बंदरावरच्या एका बोटमालकाचा मुलगा वडोदऱ्यात कामाला, त्याला घर हवं होतं. 40 लाखाला सौदा ठरला. बोटमालकानं 5 लाख विसार दिला, म्हणजे तिकडच्या भाषेत बानाखत केलं. त्यावर सह्या कोणाच्या? बायकोची आणि दोन मुलग्यांची.

आम्ही पहिला प्रश्न विचारला : मुलगी कुठं आहे? उत्तर आलं, "तिचं लग्न झालंय हो, तिला दिलं-घेतलं सगळं." दुसरा प्रश्न विचारला : तो वारला तेव्हा त्याची आई होती का? यावर मात्र दोघंही गप्प झाले. आई होती. गावात, आपल्या सभासदाकडे, ऐंशी पार केलेली. तिच्याबद्दल कोणी विचारच केला नव्हता.

हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची स्वतःच्या कमाईची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते. त्यात बायको, मुलगे, मुली आणि आई. बाप त्यात नाही, पण आई आहे. आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. म्हणजे या घराचे पाच भाग झाले : बायको, मोठा, धाकटा, मुलगी, आई. प्रत्येकी 8 लाख. मुलीच्या लग्नाचा याच्याशी काही संबंध नाही. बरेच जण म्हणतात "मुलींना 2005 पासून हक्क मिळाला". ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल, ती दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा निकालात सांगितलं की मुलीचा तो हक्क जन्मानं आहे, त्या तारखेला बाप जिवंत असण्याची अट नाही. पण बापानं स्वतः कमावलेल्या घरात मुलीला मुलाइतकाच हिस्सा 1956 पासूनच आहे. सत्तर वर्षं होत आली, तरी आपल्याकडे "हुंडा दिला, विषय संपला" चालूच आहे.

आम्ही सांगितलं, आईचा अंगठा घ्या, लवकर घ्या. म्हातारीला वडोदऱ्याला न्यायची गरज नव्हती. मालमत्तेचा दस्त जिथं मालमत्ता तिथल्याच सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो हे खरं, पण ती जिथं राहते तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर मुखत्यारपत्र करून देता येतं आणि ते घेऊन तिच्या वतीनं दुसरा माणूस वडोदऱ्यात सही करू शकतो. अगदी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर अर्ज केल्यावर सब-रजिस्ट्रार किंवा त्यानं नेमलेला माणूस घरी येऊ शकतो, कायद्यात तशी सोय आहे. पण "गणपती झाल्यावर बघू", "दिवाळीनंतर बघू" असं करत करत चार महिने गेले. आणि आई गेली.

इथं प्रकरण फिरलं, त्यामुळे नीट वाचा. आई वारली म्हणजे तिचा हिस्सा बाकीच्या चौघांत वाटला जात नाही. मुलगा वारला त्याच क्षणी पाचवा हिस्सा तिच्या मालकीचा झाला होता, कागदावर नाव लागलेलं असो वा नसो. आता ती वारली, मृत्युपत्र नाही, तर तो हिस्सा तिच्या वारसांचा. तिला चार मुलं : आपला सभासद, वडोदऱ्याचा वारलेला भाऊ आणि दोन बहिणी. 8 लाखाचे चार भाग, प्रत्येकी 2 लाख. वारलेल्या भावाचे 2 लाख त्याच्या तीन मुलांत. त्याच्या बायकोला यातलं काही नाही, कारण सुनेला सासूची वारस म्हणून कायदा धरत नाही. आधी विक्रीखताला पाच जण लागले असते. आता सात : वहिनी, तिची तिन्ही मुलं, आपला सभासद आणि त्याच्या दोन बहिणी. चार महिन्यांच्या आळसाची ही किंमत.

त्यातली धाकटी बहीण पंधरा वर्षं माहेरी आली नव्हती. कारण बोट. बाप वारल्यावर बोट थोरल्याच्या नावावर झाली, बहिणींना कोणी विचारलं नाही. तिला फोन केला तर ती सरळ म्हणाली, "घराला माझी सही पाहिजे, मग आधी बोटीचा हिशोब सांगा." आमच्यातले काही जण चिडले. पण खरं सांगायचं तर बाईचं चुकत नव्हतं. बोट हीसुद्धा बापाची मालमत्ताच. लायसनवर, डिझेलच्या कोट्यावर एकाचं नाव लागतं ते कामाच्या सोयीसाठी. त्यानं बाकीच्यांचा हिस्सा बुडत नाही.

हाच घोळ नॉमिनीबद्दल. सोसायटीत, बँकेत आपण नाव देतो आणि समजतो की नाव दिलं म्हणजे त्याला दिलं. तसं नाही. नॉमिनी हा पैसे किंवा वस्तू ताब्यात घेणारा माणूस, वारसांसाठी सांभाळणारा. विम्यातही 2015 पर्यंत हेच होतं, सर्वोच्च न्यायालयानं ते 1983 मध्येच सांगितलं होतं. अलीकडचं उदाहरण तर मराठी घरातलंच आहे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर 20 ऑगस्ट 2013 ला वारले. त्यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलं होतं आणि गुंतवणुकीवर नॉमिनीही नेमले होते. नॉमिनी मालक की मृत्युपत्र खरं, यावर वाद दहा वर्षं चालला आणि 14 डिसेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : नॉमिनी म्हणून नाव आहे एवढ्यावरून कोणी मालक होत नाही, मालमत्ता वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्राप्रमाणेच जाते. तो वाद शेअर आणि गुंतवणुकीचा होता, पण घराच्या सोसायटीत दिलेल्या नावालाही विचार हाच लागतो. घर घेताना "सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर केलंय" असं एकटा वारस सांगत असेल तर बाकीचे कुठं आहेत हे विचारा.

वडोदरा शहरानं या विषयावरचा सगळ्यात मोठा धडा डोळ्यांसमोर पाहिलाय. लक्ष्मी विलास पॅलेस, सयाजीराव महाराजांनी बांधलेला, 1890 चा. फत्तेसिंहराव गायकवाड 1988 मध्ये वारले, त्यांना मूलबाळ नव्हतं. मग गादी आणि मालमत्ता यावरून भावाभावांत, रणजितसिंह आणि संग्रामसिंह यांच्यात, कोर्टकचेरी सुरू झाली. वीस वर्षांहून जास्त चालली. 2012 मध्ये रणजितसिंहही गेले. शेवटी 2013 च्या ऑक्टोबरात त्यांचे चिरंजीव समरजितसिंह आणि काका संग्रामसिंह यांच्यात तडजोड झाली. राजवाडा समरजितसिंहांकडे राहिला. त्यांच्याकडे वकील होते, पैसा होता, तरी एक पिढी गेली. आपल्याकडे मांजलपूरचं दोन खोल्यांचं घर. वीस वर्षं भांडलो तर घराचं पत्रं उरणार नाही.

आता कागदांकडे वळू. आपल्या प्रकरणात मुलग्यांनी सगळ्यात आधी दाखवलं ते वेऱ्याचं बिल. महानगरपालिकेच्या घरवेऱ्यावर मोठ्या मुलाचं नाव चढलं होतं, त्यामुळे घर आपलं झालं अशी त्यांची समजूत. कर कोणी भरायचा एवढंच ते बिल सांगतं. सातबारा, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, फेरफार नोंद यांनीही मालकी तयार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं कितीतरी वेळा सांगितलंय. नोंद लागते हे खरं, ती करूनच घ्या, पण तिच्या भरवशावर पैसे देऊ नका.

दुसरा कागद होता वडिलांनी जिवंतपणी थोरल्या मुलाला दिलेलं मुखत्यारपत्र. एजंट म्हणत होता, यावर दस्त होईल. होत नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते मुखत्यारपत्र त्याच्याबरोबर संपलं. ते वापरून कोणी मयताचं घर विकत असेल तर तो गुन्ह्याच्या वाटेवर आहे आणि घेणारा पैसे घालवण्याच्या. मुखत्यारपत्र आणि ताबा एवढ्यावर घर घेऊन मालक होता येत नाही, हे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलंय, आणि ते मालक जिवंत असतानासुद्धा लागू आहे.

खरा कागद म्हणजे वारस कोण हे सांगणारा. आपल्याकडे वंशावळ म्हणतो, गुजरातेत पेढीनामा म्हणतात. तलाटी पंचांसमक्ष, प्रतिज्ञापत्रावर करून देतो. त्यात एकही नाव गाळू नका. आपल्या मुलांनी केलेल्या पहिल्या पेढीनाम्यात आजी नव्हतीच. पुढं कोणी हरकत घेतली तर असा पेढीनामा उलटा पुरावा होतो. वाद असेल, किंवा बँक कर्ज देताना मागत असेल, तर दिवाणी कोर्टाकडून वारसाचा दाखला घ्यावा लागतो. इथं एक गडबड नेहमी होते : 'सक्सेशन सर्टिफिकेट' हे बँकेतली रक्कम, शेअर, येणी यांच्यासाठी असतं, घरासाठी नाही. लोक त्यावर वेळ आणि पैसा घालवतात आणि मग कळतं की सब-रजिस्ट्रारला ते नकोच होतं.

मृत्यूचा दाखला जिथं माणूस वारला तिथून मिळतो, जिथं राहत होता तिथून नाही. भावाचा वडोदरा महानगरपालिकेचा, आईचा आपल्या ग्रामपंचायतीचा. नावांकडेही बघा. गुजरातच्या कागदांवर बहुतेक वेळा आडनाव आधी येतं, आपल्याकडे शेवटी. आधारवर एक, दस्तावर एक, दाखल्यावर तिसरंच. "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलं तर शेवटच्या दिवशी परत यावं लागत नाही. आणि दस्त गुजरातीत असतो. गावाकडून गेलेल्या बहिणीला, मावशीला तो कोणीतरी मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा लावू देऊ नका. हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण विक्रीखत सांगून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतल्याच्या तक्रारी आमच्याकडे आल्यात.

हक्कसोड म्हणजे काय तेही समजून घ्या. एका वारसानं आपला हिस्सा दुसऱ्या वारसाला सोडून देणं. त्याचा दस्त नोंदवावाच लागतो, स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं चालत नाही. मुद्रांक घर जिथं आहे त्या राज्याच्या नियमानं लागतो, महाराष्ट्रातला दर ऐकून वडोदऱ्याला जाऊ नका. पण सगळे वारस विकायला तयार असतील तर हक्कसोडीची गरजच नाही. सगळ्यांनी विक्रीखतावर विक्रेते म्हणून सह्या करायच्या आणि प्रत्येकाच्या हिश्शाचे पैसे प्रत्येकाच्या खात्यात, चेकनं किंवा बँकेतून. आम्हाला हाच रस्ता बरा वाटतो. बहिणीनं आधी हक्क सोडायचा आणि भाऊ नंतर पैसे देईल, यात नंतरचे पैसे किती बहिणींना मिळाले ते तुम्हीच आठवा.

वारसांत अज्ञान मूल असेल तर थांबा. आई पालक असली तरी मुलाच्या वाट्याचं घर कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. विकलं तर मूल 18 वर्षांचं झाल्यावर तीन वर्षांत येऊन तो व्यवहार रद्द मागू शकतं. घेणाऱ्यानं हे फार सांभाळायचं.

घेणाऱ्यासाठी आणखी दोन गोष्टी. कधी एखादा वारस एकटाच येतो आणि म्हणतो, माझा हिस्सा स्वस्तात घ्या. कायद्यानं बाकीच्या वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क आहे. शिवाय बाहेरच्या माणसाला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेतला म्हणून आत जाऊन राहता येत नाही, त्याला वाटणीचा दावाच करावा लागतो. स्वस्त पडलेलं घर मग कोर्टात महाग पडतं. दुसरं, मालकानं जिवंतपणी तुमच्याशी बानाखत किंवा साठेखत केलं आणि नंतर तो वारला, तर करार मरत नाही. तो वारसांवर बांधील राहतो. पण हातावर हात ठेवून बसू नका, अशा दाव्याला मुदत साधारण तीन वर्षांची आहे.

वडोदऱ्यापुरतं एक खास : अशांत धारा. गुजरातचा 1991 चा कायदा आहे. शहरातले काही भाग त्याखाली जाहीर झालेत आणि तिथलं घर विकायला कलेक्टरची आधी परवानगी लागते, विकणारा-घेणारा कोणीही असो. परवानगी नसेल तर व्यवहारच टिकत नाही. घर त्या भागात आहे का, हे विसार देण्याआधी विचारा, नंतर नाही. मुद्रांक तिथं जंत्रीच्या भावावर धरतात, आपल्याकडे रेडी रेकनर म्हणतो तसं. 4.9 टक्के मुद्रांक आणि 1 टक्का नोंदणी फी. खरेदी बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ, आपल्या बोटमालकानं हे ऐकल्यावर लगेच सुनेचं नाव पुढं केलं.

इन्कम टॅक्सबद्दल थोडक्यात. वारसानं घर मिळालं म्हणून कर नाही. विकल्यावर नफ्यावर आहे, आणि नफा काढताना मयतानं घर ज्या किंमतीला घेतलं ती धरतात. जुन्या घराला 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. प्रत्येक वारस आपापल्या हिश्शाचा कर भरतो. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्यानं 1 टक्का कापून सरकारात भरायचा असतो. बाकी हिशोब सीएकडून करून घ्या.

वर सांगितलेले हिस्से हिंदू कुटुंबांचे. वसई-उत्तनकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, तिथं मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश आणि बाकीचं मुला-मुलींत सारखं. मुस्लिम कुटुंबांचे हिस्से त्यांच्या कायद्याप्रमाणे वेगळे. सह्या सगळ्या वारसांच्या, हे मात्र सगळीकडे सारखंच.

आणि जे आपल्या धंद्यातच होतं ते. माणूस दर्यात गेला आणि परत आला नाही, मृतदेह मिळाला नाही, मग दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून घर अडकलेलं. ज्यांना त्याची खबर लागायलाच हवी होती त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर कोर्ट तो वारला असं धरू शकतं. पण त्यासाठी सुरुवातीचे कागद लागतात : बेपत्ता झाल्याची पोलिसात नोंद, बंदरावर दिलेली खबर, बरोबरच्या खलाशांचे जबाब. बोट बुडाल्याचा पुरावा भक्कम असेल तर सात वर्षं थांबायची वेळ येईलच असं नाही, कोर्टापुढं ठेवता येतो. दुःखाच्या दिवसांत कोणाला कागद सुचत नाहीत, म्हणून हे काम शेजाऱ्यांनी आणि आपल्या सोसायटीनं करायचं.

मृत्युपत्र असतं तर? सोपं झालं असतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी ते चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. साक्षीदार वयानं आपल्यापेक्षा लहान घ्या. साक्षीदार आधी वारला की मृत्युपत्र सिद्ध करताना त्रास होतो. आणि जो हिस्सा आपला आहे तेवढ्याचंच मृत्युपत्र करता येतं, भावाच्या हिश्शाचं नाही.

मांजलपूरच्या घराचं काय झालं ते सांगायचं राहिलं. धाकट्या बहिणीकडे आपल्या सभासदाला आम्ही दोनदा पाठवलं. पहिल्यांदा तिनं चहा दिला आणि काही बोलली नाही. दुसऱ्यांदा तो बोटीचे कागद घेऊन गेला. तिच्या खात्यात तिचे 2 लाख जमा झाले तेव्हा तिनं विक्रीखतावर सही केली. सातही जण एकाच दिवशी वडोदऱ्याच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात होते, दुपारी सगळे एकत्र जेवले म्हणे. बोटमालकाचा 5 लाखाचा विसार वाचला. बोटीचा हिशोब अजून चालू आहे, त्यासाठी दोघं पुढच्या महिन्यात ऑफिसात बसणार आहेत.

1 जून ते 31 जुलै बंदी आहे, बोटी वर ओढलेल्या असतात, हात मोकळे असतात. ज्यांच्या घराचं, बोटीचं, गुजरातच्या घराचं असं काही लटकलेलं आहे त्यांनी मृत्यूचा दाखला, मूळ दस्त, घरवेऱ्याचं किंवा घरपट्टीचं शेवटचं बिल आणि घरातल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून ऑफिसात घेऊन या. नावं लिहिताना लग्न झालेल्या मुली आणि गावातली आजी आधी लिहा.